ठिपके आणि कमळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी ग्वाल्हेरहून पांढुर्ण्यास उतरलो आणि तेथून मोटारीने सौंसर गाठले. आत्याच्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आमच्या साऱ्या गोतात नावाजलेली. चैत्रात पक्षाघाताने तिचा डावा हात लुळा पडला. उजवा मात्र शाबूत राहिला. म्हणून मी हौसेने रांगोळीचा डबा तिच्यापुढे ठेवला.

ठिपके तिने नेटके घातले. एकेक पाकळीही रेखीव काढली. पण पाकळ्या चहूकडे विखुरल्या; कमळ काही झाले नाही.

"आत्या, लक्ष कुठे आहे?" मी मास्तरी स्वरात म्हणालो.

"लक्ष देऊनच काढते आहे रे," ती म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

रात्री वहिनींनी डॉक्टरांचे कागद दाखवले. आघात मेंदूच्या उजव्या गोलार्धात झाला होता. तेव्हा कोडे उलगडले.

बारीक 'म' मांडून मोठा 'ग' काढावा, तशा अक्षराकृती डेव्हिड नेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली प्रयोगात वापरल्या. पुढे 1986 साली डेलिस, रॉबर्टसन व एफ्रॉन यांनी अशाच आकृत्या मेंदूला इजा झालेल्या रुग्णांकडून आठवणीने काढवून घेतल्या. आपल्या उदाहरणात सांगायचे तर, उजवा गोलार्ध दुखावलेल्यांच्या कागदावर सुटे 'म' उरले, 'ग' हरपला. डावा दुखावलेल्यांनी 'ग' काढला, पण त्यातले 'म' त्यांच्या हातून निसटले. म्हणजे बारकाव्याकडे डाव्याचा कल, घडणीकडे उजव्याचा. ही वाटणी काटेकोर मात्र नव्हे. निरोगी माणसात दोन्ही गोलार्ध कोट्यवधी तंतूंनी जोडलेले असतात आणि मिळूनच पाहतात.

वडील दरबारी गवई. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. ते म्हणत, "भूपाचे आणि देशकाराचे स्वर तेच पाच. नुसते स्वर मोजून राग सापडायचा नाही, त्याची चाल ओळखावी लागते." हेच मी शिष्यांना रोज सांगतो. आणि आत्याच्या अंगणात मला तिची चूक तेवढी दिसली, आत्या दिसली नाही!

पोळ्याच्या सकाळी मी गेरूने कमळाची मोठी कड आखून दिली. तिच्या आत आत्याने पाकळ्या भरल्या. सायंकाळी बैल पूजेला दारी आले, तेव्हा अंगणात कमळ होते.