पूर ओसरल्यावरची पडझड

१३ ऑक्टोबर २०२०च्या रात्री हैदराबादेत घराघरांत पाणी शिरलं. शहराजवळच्या घटकेसरला ३२ सेंटिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरलं तरी धास्ती राहते. आभाळ गडगडलं की घरातली आजी गादीवर बसून रात्र काढते, दिवसा उन्हात जात नाही, चहा-बिस्किटावर भागवते. सततच्या ताणाने वाढलेलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक हाड पोखरतं, बसून बसून मांड्यांतलं बळ जातं, झोपेच्या गोळीने रात्री न्हाणीघरात तोल जातो. मोडतो तो बहुधा खुबा किंवा मनगट. तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने साठीपुढे रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सुचवलंय. पण नुसतं कॅल्शियम पुरत नाही; आजीला झोप का लागत नाही, हेही डॉक्टरांना सांगाच. मनाच्या त्रासासाठीच्या ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.