एक यंत्र कीं दोन?

न्यू जर्सींत राहणाऱ्या मराठी कुटुंबाचें घर बहुधा ठराविक धाटणीचें असतें. तळघरांत गॅसची भट्टी, मागच्या अंगणांत वातानुकूलन-यंत्राची घरघरणारी पेटी, आणि त्या दोहोंची हवा खोल्याखोल्यांतून फिरविणारे पत्र्याचे नळ. भट्टी हिवाळ्याची, पेटी उन्हाळ्याची. ही पेटी पंधरा-एक वर्षें इमानानें चालते, आणि बंद पडण्यास तिला मुहूर्त सांपडतो तो ऐन जुलैचा. घरांत पुण्याहून आलेले वृद्ध आईवडील, बाहेर अंगाची काहिली, आणि दारांत उभा असलेला कारागीर विचारतो : "जुन्यासारखेंच यंत्र बसवूं, कीं हीट पंप?" उत्तर त्याच दिवशीं द्यावें लागतें, त्याचें बिल मात्र पुढलीं पंधरा वर्षें येत राहतें.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. 'उष्णतापंप' या नांवावरून पुष्कळांस वाटतें कीं, हें केवळ हिवाळ्याचें यंत्र असावें, आणि तें घेतलें तर उन्हाळ्यासाठीं दुसरें घ्यावें लागेल. वस्तुस्थिति अशी आहे कीं, वातानुकूलन-यंत्र हाच एक उष्णतापंप आहे. तो एकाच दिशेनें चालतो, इतकेंच. हें यंत्र गारवा उत्पन्न करीत नाहीं. तें घरांतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. माठाच्या अंगावरचें पाणी वाफ होऊन उडतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें, तसेंच येथें होतें. फरक एवढाच कीं, नळींतील द्रवाची वाफ उडून न जातां पुन्हा पकडली जाते, दाबली जाते, तापते, आणि आपली उष्णता बाहेरच्या हवेंत सोडून पुन्हा द्रव होते. या फेऱ्यांत एक चौमार्गी झडप बसवून प्रवाह उलटा केला कीं, तेंच यंत्र बाहेरची उष्णता घरांत आणूं लागतें. उन्हाळ्यांत दोघांच्या कामांत फरक नाहीं. सारख्या प्रतीचीं यंत्रें घेतलीं तर वीजही जवळजवळ सारखीच लागते. म्हणून खरा प्रश्न गारव्याचा नाहीं, उबेचा आहे.

बाहेर बर्फ पडत असतां तेथें उष्णता कसली, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. परंतु उष्णतेचा संपूर्ण अभाव व्हावयास उणे २७३ अंश सेंटिग्रेडपर्यंत जावें लागतें. शून्य अंशावरची हवा त्या मानानें चांगलीच ऊबदार म्हणावयाची. नळींतील द्रव साध्या वातावरणाच्या दाबाखालीं उणे ५० अंशांच्या आसपास उकळतो; त्याच्या दृष्टीनें बर्फाळ हवा म्हणजे चूलच! ही कल्पना नवी नाहीं. लॉर्ड केल्विन, म्हणजे त्या वेळचे विल्यम थॉमसन, यांनीं ती १८५२ सालीं मांडली होती. विलिस कॅरिअर यांनीं ब्रुकलिनच्या छापखान्यासाठीं हवेंतील दमटपणा आवरणारें यंत्र आंखलें तें १९०२ सालीं, म्हणजे पुरतीं पन्नास वर्षें मागाहून. पुढें १९३८ सालीं झुरिकच्या नगरभवनांत लिम्मात नदीच्या पाण्यांतून उष्णता काढून इमारत तापविणारें यंत्र बसलें.

आतां पैशाचा हिशेब. विजेची शेगडी एक युनिट वीज खाऊन एक युनिटच उष्णता देते. पंप उष्णता निर्माण न करतां नुसती वाहून आणतो, म्हणून बेताच्या थंडींत एका युनिटांत तीन युनिटांएवढी उष्णता देऊं शकतो. विहीर खणणें आणि विहिरींतून पाणी शेंदणें यांत जो श्रमाचा फरक, तोच हा. विजेच्या शेगड्यांवर तापणाऱ्या घरानें म्हणूनच फारसा विचार करीत बसूं नये. परंतु 'तिप्पट काम म्हणजे तिप्पट बचत' हें विक्रेत्याचें वाक्य गॅस असलेल्या घरास लागू नाहीं. गॅसच्या एका थर्ममध्यें सुमारें २९ युनिट विजेइतकी उष्णता असते. शेंकडा ९५ कार्यक्षमतेची भट्टी त्यांतील सुमारें २८ युनिट घरांत पोंचविते. तेवढीच उष्णता तिपटीनें काम करणारा पंप सव्वानऊ युनिट विजेंत देतो. तेव्हां बिल हातीं घेऊन पाहावें : एका थर्मचा दर सव्वानऊ युनिट विजेच्या दराहून अधिक असेल तर पंप स्वस्त, कमी असेल तर भट्टी स्वस्त. समजा, वीज २० सेंटला एक युनिट पडते. सव्वानऊ युनिटांचे १ डॉलर ८५ सेंट झाले. थर्म दीड डॉलरला मिळत असेल तर गॅसच परवडला. दर पाहतांना मात्र माल आणि पोंचवणावळ हे दोन्ही आंकडे मिळवावे. बिलांत ते बहुधा वेगळे लिहिलेले असतात, आणि घाईंत एकच वाचला जातो.

तेलाची भट्टी असलेल्या घरीं चित्र पालटतें. तेलाच्या एका गॅलनांत सुमारें साडेचाळीस युनिट उष्णता. त्यांतील शेंकडा ८५ घरांत उतरली असें धरलें, तरी तेवढ्यासाठीं पंपास साडेअकरा युनिट वीज पुरे. वरच्याच दरानें त्याचे २ डॉलर ३० सेंट होतात. तेल गॅलनला त्याहून महाग असेल तर पंप जिंकला.

या सर्व हिशेबांत 'तीन' हा आंकडा गृहीत धरला आहे, आणि तेथेंच खरी मेख आहे. थंडी जसजशी वाढते तसतशी घराची उष्णतेची मागणी वाढते आणि पंपाची शक्ति घटते. न्यू जर्सींत जानेवारींतील सरासरी उष्णतामान गोठणबिंदूच्या आसपास असतें, पण एखाद्या रात्रीं पारा त्याच्या पुष्कळ खालीं उतरतो. अशा वेळीं जुन्या पद्धतीच्या पंपांत विजेच्या तारा तापूं लागतात, म्हणजे तिपटीचा पंप एकपटीची शेगडी होऊन बसतो. थंड प्रदेशांसाठीं मुद्दाम घडविलेलीं, गति कमीअधिक करणारीं नवीं यंत्रें या कसोटीस चांगलीं उतरतात. अमेरिकेंतील मेन हें कडक हिवाळ्याचें राज्य. तेथें २०२५ पर्यंत एक लाख पंप बसविण्याचें उद्दिष्ट २०१९ सालीं ठरलें, आणि तें २०२३ सालींच पुरें झालें. नॉर्वे आणि फिनलंड येथें तर हीं यंत्रें घरोघर आहेत. तात्पर्य, थंडीचें भय यंत्राच्या निवडीचें आहे, जातीचें नाहीं. कारागिरास विचारावें तें एवढेंच कीं, बाहेर ५ अंश फॅरनहाइट असतां हें यंत्र किती उष्णता देतें. ४७ अंशांवरचा आंकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. त्यानें दिपून जाऊं नये.

भट्टी अजून धडधाकट आहे आणि बंद पडली ती केवळ पेटी, अशा घरास मधला मार्ग सर्वांत शहाणपणाचा. पेटीच्या जागीं पंप बसवावा आणि भट्टी तशीच राहूं द्यावी. भिंतीवरचें थर्मोस्टॅट ठराविक उष्णतामानापर्यंत पंप चालवितें आणि त्याखालीं भट्टी पेटवितें. हा बिंदू कोठें ठेवावा हें वर सांगितलेल्या दरांवरून ठरतें, आणि दर बदलले तर तो बदलतां येतो. नुसत्या वातानुकूलन-यंत्रास हें स्वातंत्र्य कधींच नाहीं.

पंप घेतल्यावर पहिल्या हिवाळ्यांत दोन तक्रारी हटकून येतात. भट्टीच्या झरोक्यांतून ५० अंश सेंटिग्रेडच्या घरांतली हवा येते, पंपाची जेमतेम ३५ ते ४० अंशांची. हात धरून पाहणाऱ्या आजींना ती कोमटच लागते. घर तापतें, पण सावकाश आणि अखंड. दुसरी तक्रार अधिक घबराटीची : बाहेरच्या पेटींतून पांढरे लोट निघतात. तो धूर नव्हे. जाळीवर जमलेलें हिंव वितळविण्यासाठीं यंत्र कांहीं मिनिटें उलटें चालतें, त्याची ती वाफ.

यंत्राचा आकार 'टनां'त मोजतात. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळावयास लागणारी उष्णता, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, हें तें माप. मोठें तें चांगलें, हा समज येथें घातक आहे. गरजेहून मोठें यंत्र खोली झटपट गार करून थांबतें, पण दमटपणा तसाच राहतो. खिडक्या, भिंती, माळा यांचें माप न घेतां जुन्या पेटीवरचा आंकडा पाहून नवी सुचविणारा कारागीर घरमालकानें परत पाठवावा.

सरकारी सवलतीच्या आशेवर मात्र आतां बसूं नये. २०२२ च्या कायद्यानें पंपावर दोन हजार डॉलरांपर्यंत मिळणारी केंद्रीय करसूट २०२५ च्या अखेरीस बंद झाली. राज्याची किंवा वीजकंपनीची सवलत असेल तर ती स्वतंत्र चौकशीची बाब. तसेंच २०२५ च्या आरंभापासून तेथें आर-४१०ए वायूचीं नवीं घरगुती यंत्रें बनविण्यास बंदी झाली, आणि त्याच्या जागीं आर-३२ व आर-४५४बी आले. त्यामुळें बाहेरची पेटी बदलतांना आंतली जाळीही बहुधा बदलावी लागते. हा खर्च दोन्ही पक्षीं सारखाच.

राहिली गोष्ट वादळाची. वीज गेली कीं पंप थांबतो, आणि गॅस असूनही भट्टी थांबते, कारण तिचा पंखा विजेवर फिरतो. परंतु तो पंखा लहानशा जनरेटरावर चालतो. पंपास त्याच्या कित्येक पट मोठा लागतो. वृद्ध माणसें घरांत असतां जुनी भट्टी मोडींत काढण्यापूर्वीं ही चौकशी आधीं करावी, आणि कारागिराच्या हातीं सही केलेला कागद मागाहून द्यावा.