टाकीतील पांढऱ्या ठिपक्यांचा शत्रू : मासे गमावल्यानंतर पुन्हा सुरुवात करताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीतील सगळे मासे आठवडाभरात मरण पावले, की घरात एक विचित्र शांतता पसरते. दिवे लागतात, पंप फिरत राहतो, शंख काचेवरून सरकत असतात. मासे मात्र नसतात. पंधरा दिवसांनी पाणी स्वच्छ दिसू लागते आणि नवे मासे आणण्याचा मोह होतो. बहुतेकांचा दुसरा पराभव याच मोहातून होतो.

या हानीमागे बहुधा ‘क्रिप्टोकॅरियन इरिटन्स’ हा एकपेशीय परजीवी असतो. माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, ते त्याचेच. त्याचे जीवनचक्र समजून घेतल्याखेरीज पुढचा उपाय कळत नाही. हा जीव माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत शिरून साधारण तीन ते सात दिवस पोसतो. मग तो मासा सोडून खाली उतरतो आणि वाळूवर, खडकावर किंवा काचेवर कवचबद्ध होऊन विभागत राहतो. काही दिवसांनी, कधी कित्येक आठवड्यांनी, त्या एका कवचातून शेकडोपर्यंत पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात.

फसगत नेमकी येथे होते. पाचव्या दिवशी ठिपके नाहीसे झाले, की मालक सुटकेचा श्वास टाकतो आणि त्या आठवड्यात वापरलेल्या औषधाला, बहुधा लसणाच्या अर्काला, श्रेय देतो. वास्तविक परजीवी आपले जेवण आटोपून खाली उतरलेला असतो. पुढची लाट कितीतरी पटींनी मोठी येते. कधी तर ठिपके दिसतच नाहीत. केवळ कल्ल्यांना लागण होते आणि मासा धापा टाकत मरतो. अथांग समुद्रात ही पिल्ले विखुरतात, बहुतेकांना मासा मिळत नाही. बंदिस्त टाकीत माशाला पळायला जागाच नसते.

मग टाकीत औषध का घालू नये? कारण यावरचे खात्रीचे औषध म्हणजे तांबे, आणि तेच प्रवाळ, कोळंबी व शंख यांना मारक ठरते. शिवाय खडक व वाळू तांबे शोषून घेतात. मात्रा स्थिर राहत नाही. म्हणून उपचार वेगळ्या, वाळू नसलेल्या टाकीत करावे लागतात. तेथे आसऱ्यासाठी प्लास्टिकच्या नळीचे तुकडे आणि स्पंजाचा फिल्टर पुरतो. अमोनियाची चाचणी मात्र रोज हवी. तांब्याची मात्रा चाचणी-संचाने मोजूनच राखावी, अंदाजाने नव्हे. तांबे नको असल्यास दर तीन दिवसांनी मासे नव्या, निर्जंतुक टाकीत हलवण्याची पद्धत आहे. कष्टाची आहे, पण परजीवी खाली उतरून पिल्ले बाहेर पडण्याआधीच मासा पुढे निघून जातो.

मुख्य टाकी या काळात माशांविना ठेवायची. एका नोंदीत कवचातून पिल्ले ७२ दिवसांपर्यंत बाहेर पडत राहिली होती. म्हणून जाणकारांत ७६ दिवसांचा दंडक रूढ झाला. चतुर्थीला शेवटचा मासा काढला, तर दिवाळी उलटते, तुळशीचे लग्न लागते, त्रिपुरारी पौर्णिमाही सरते, तेव्हा कुठे टाकी मोकळी होते. एवढा धीर धरणे हाच या छंदातला सर्वांत अवघड भाग आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. मध्यंतरी शंख, खेकडे व कोळंबी टाकीतच राहू द्यावेत. परजीवी त्यांच्यावर पोसत नाही. जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून चिमूटभर खाद्य घालत राहावे. एकच मासा ‘तो तर निरोगी दिसतो’ म्हणून आत ठेवला, तर सारे दिवस वाया गेले असे समजावे.

नव्या शंखाच्या कवचावर किंवा खडकाच्या तुकड्यावरही परजीवी बसून येऊ शकतो. त्यामुळे मासा नसला तरी प्रत्येक नवी वस्तू तितकेच दिवस वेगळी ठेवावी. जाळी, बादल्या, हातही दोन्ही टाक्यांना सामाईक नसावेत.

गोव्यातील वाचकांसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यात नदीमुखांजवळील समुद्राचे पाणी फार गोडसर होते. त्या दिवसांत किनाऱ्यावरून पाणी आणण्याऐवजी शुद्ध केलेल्या पाण्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळावे आणि खारेपणा लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास आहे ना, हे रिफ्रॅक्टोमीटरने पाहावे. दुसरे, कठीण प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. खडकाळ किनाऱ्यावरून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा ठरतो. क्लाऊनफिशची गोष्ट वेगळी. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांचे बंदिस्त प्रजनन साधले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा असे जोपासलेले पिल्लू निवडणे सोयीचे. तरी तेही प्रथम वेगळ्या टाकीतच सोडावे.