संगणकाचा दप्तरखाना भरतो तेव्हां

नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीला घातलेला जुना दगडी बांध ज्या श्रोत्यांनीं भर पावसाळ्यांत पाहिला असेल, त्यांना तेथील नर आणि मादी हे दोन सांडवे आठवत असतील. पाणी पातळीला आलें कीं तें वाटेल तसें न उसळतां त्या ठरल्या वाटांनीं खालीं कोसळतें. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत ज्यांनीं हें काम उभें केलें, त्यांनीं जादा पाण्याची वाट आधींच ठरवून ठेविली होती. संगणकाच्या डिस्कबाबत हा निर्णय पुष्कळदां कोणीच केलेला नसतो.

धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या कचेरींत युनिक्स पद्धतीचा सर्व्हर आहे, पीकविम्याची मुदत संपत आली आहे, भूम-परांड्याकडील अर्ज एकामागून एक येत आहेत, आणि पडद्यावर सूचना उमटली कीं डिस्क नव्वद टक्के भरली, असें समजावें. घाबरलेला माणूस जी फाइल सर्वांत मोठी दिसेल ती पुसावयास धांवतो. आणि नेमकी तीच अर्जांची मूळ फाइल असण्याचा संभव फार! परंतु सूचनेकडे डोळेझांक करणेंही तितकेंच घातक आहे. कित्येक प्रोग्रॅम फाइल नव्यानें लिहितांना जुना मजकूर आधीं काढून टाकतात आणि मग नवा लिहूं लागतात. मध्येंच जागा संपली तर नवें उमटत नाहीं व जुनें गेलेलें असतें. शेतकऱ्याच्या अर्जाचें नांव यादींत दिसतें. उघडून पाहावें तों आंत एक अक्षर नाहीं.

केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जिचा पाया घातला, त्या या पद्धतींत फाइल आणि फाइलीचें नांव या दोन निराळ्या वस्तु मानिल्या आहेत. जुन्या मामलेदार कचेरीचा दप्तरखाना डोळ्यांपुढें आणावा. फळ्यांवर कागदांचे रुमाल बांधून ठेविलेले. प्रत्येक रुमालाची नोंदवहींत एक ओळ. आणि नांवांची यादी वेगळी. या व्यवस्थेंत फळ्या भरतील तशी नोंदवहीही भरूं शकते.

प्रथम 'डीएफ' ही आज्ञा द्यावी. डिस्कचा कोणता भाग किती भरला हें ती सांगते. भरला आहे एक भाग आणि साफसफाई चालली आहे दुसऱ्याच भागांत, असा प्रकार वारंवार घडतो. भाग कळला म्हणजे 'डीयू' या आज्ञेनें एकेक कप्पा मोजीत खालीं उतरावें. बहुधा शोध 'व्हार' नांवाच्या कप्प्यांत येऊन थांबतो. कारण प्रोग्रॅमांच्या रोजनिश्या आणि खोळंबलेली टपाल तेथेंच सांचते.

कधीं कधीं मात्र 'डीएफ' चाळीस टक्के जागा मोकळी दाखविते, तरीही नवी फाइल उघडत नाहीं. येथें फळ्या रिकाम्या असून नोंदवहीच्या ओळी संपल्या आहेत. या ओळींस आयनोड म्हणतात. लिनक्सवर प्रचलित असलेल्या 'ईएक्सटी' रचनेंत त्यांची संख्या डिस्क सिद्ध करतांनाच ठरून जाते. एखादा प्रोग्रॅम लक्षावधि चिमुकल्या फाइली टाकीत सुटला कीं त्या ओळी संपतात. 'डीएफ'ला 'आय' ही खूण जोडली म्हणजे हा हिशेब दिसतो.

याहून चमत्कारिक प्रसंग असा कीं, मोठी रोजनिशी पुसली, 'डीयू'च्या बेरजेंतून ती गेली, पण 'डीएफ'चा आंकडा ढळत नाहीं. याचें कारण सोपें आहे. यादींतून नांव खोडलें, पण रुमाल अजून एका कारकुनाच्या हातांत उघडाच आहे. तो मिटेपर्यंत फळी मोकळी होत नाहीं. 'एलएसओएफ' ही आज्ञा असा कारकून, म्हणजे तो प्रोग्रॅम, दाखवून देते. तो थांबवून पुन्हां सुरू केला कीं जागा सुटते. म्हणूनच चालू रोजनिशी कधीं पुसूं नये; हवा तो मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावा आणि फाइल जागच्या जागीं रिकामी करावी.

'ईएक्सटी' रचनेंत मुळांतच पांच टक्के जागा मुख्य व्यवस्थापकासाठीं राखलेली असते. इतरांचें काम अडलें तरी त्याला आंत शिरून दुरुस्ती करतां यावी, हा त्यांतील एक हेतु. बेरीज जुळत नाहीं अशी तक्रार पुष्कळदां या राखीव जागेमुळेंच होते.

सांडव्याचें काम करणारी आज्ञाही आहे. तिचें नांव 'लॉगरोटेट'. रोजनिशी किती वाढली म्हणजे बाजूस काढावयाची, किती जुन्या प्रती दाबून ठेवावयाच्या आणि केव्हां टाकून द्यावयाच्या, हें तिला एकदां सांगून ठेवावें लागतें. सूचनेची मर्यादाही डिस्क पाहून ठरवावी. चार हजार गिगाबाइटांच्या डिस्कवर उरलेले दहा टक्के म्हणजे चारशें गिगाबाइट. तेथें विचाराला सवड असते. वीस गिगाबाइटांच्या डिस्कवर ते अवघे दोन, आणि बिघडलेला प्रोग्रॅम तेवढें एका रात्रींत सहज लिहून काढतो.