मोहफुले भाजून पाहा!

फाल्गुन-चैत्रात चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पहाटे फेरफटका मारला, तर मोहाच्या झाडाखाली फिकट पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडलेला दिसतो. माणसे टोपल्या घेऊन ती वेचतात आणि अंगणात वाळवतात. वाळली की ती तपकिरी होतात व मनुकांसारखी सुरकुततात. मोह म्हटले की पुष्कळांना दारूच आठवते; पण इथल्या गोंड कुटुंबांत मोहफुले भाजून वा शिजवून खाण्याची रीत फार जुनी आहे. टंचाईच्या दिवसांत याच फुलांनी अनेक घरे तगवली आहेत.

फूल भाजले की त्याचा रंग, वास आणि चव बदलते. हे नेमके कशामुळे होते? चला, प्रयोग करून पाहू.

साहित्य : वाळलेली स्वच्छ मोहफुले 80 ग्रॅम, जाड बुडाची लोखंडी कढई, उलथणे, तराजू, घड्याळ, चार सारखे काचेचे पेले, गाळणी. विस्तवाजवळचे काम घरातील मोठ्या माणसासोबतच करा.

कृती : फुलांतील काड्या व पुंकेसर निवडून काढा. प्रत्येकी 20 ग्रॅमचे चार वाटे करा. पहिला वाटा तसाच ठेवा. तुलनेसाठी तो लागेल. उरलेले तीन वाटे मंद आचेवर, सतत हलवत, अनुक्रमे 4, 8 आणि 12 मिनिटे भाजा. त्याआधीच धूर येऊ लागला, तर कढई लगेच उतरवा व वेळ लिहून ठेवा. थंड झाल्यावर प्रत्येक वाटा पुन्हा तोला. मग प्रत्येक वाट्यातील 5 ग्रॅम फुले एकेका पेल्यात घालून त्यांवर 100 मिलिलिटर उकळते पाणी ओता. पाच मिनिटांनी गाळा आणि रंग, वास, चव यांची नोंद करा.

असे का घडते?

पहिली काही मिनिटे रंग फारसा बदलत नाही. वजन मात्र घटते. फुलात ओल आहे तोवर उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि फुलाचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फार वर चढत नाही. ओल सरली की तापमान झपाट्याने वाढते. सुमारे 140 अंशांच्या पुढे फुलातील द्राक्षशर्करा व फलशर्करा यांचा अमिनो आम्लांशी जोराने संयोग होऊ लागतो. त्यातून तपकिरी रंगाची आणि खमंग वासाची कितीतरी नवी संयुगे तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय माय्यार यांनी 1912 मध्ये या क्रियेचे वर्णन केले. भाकरीचा पापुद्रा आणि भाजलेले शेंगदाणे खमंग लागतात तेही या क्रियेमुळेच. म्हणजे तो खमंग वास कच्च्या फुलात दडलेला नसतो. तो कढईतच जन्मतो.

वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणून ते दाण्यांपेक्षा लवकर करपते. हीच साखर किण्वाच्या हाती लागली की तिचे मद्य होते. विस्तवाच्या हाती लागली की खमंग खाद्य!

चीनमधील ऊलाँग चहाची गोष्टही अशीच आहे. तेथे पाने सुकवून हलकेच चुरडतात. मग पानातीलच विकरे हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यांना तपकिरी करू लागतात. ही क्रिया अर्ध्यावर आली की पाने तापवून ती थांबवतात. फूच्येन प्रांतातील वूई डोंगरांत हा चहा नंतर बांबूच्या टोपल्यांत, कोळशाच्या मंद धगीवर तासन्‌तास भाजतात. तेथील कारागिराला पडणारा प्रश्न तुमच्यापुढेही आहे : कढई उतरवायची केव्हा?

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. भाजलेल्या, तळलेल्या पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचे घातक संयुग तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये जाहीर केले. पदार्थ जितका अधिक करपवावा तितका हा धोका सामान्यतः वाढतो. म्हणून रंग तांबूस-तपकिरी झाला की थांबावे; काळी पडलेली फुले टाकून द्यावीत आणि त्यांचे पाणीही चाखू नये.

आता तुम्ही शोधा

1. कोणत्या पेल्यातील पाणी सर्वांत गोड लागले? सर्वांत खमंगही तेच होते का? नसल्यास साखर कोठे गेली?

2. कढईतून काढलेली मऊ फुले थंड झाल्यावर कुरकुरीत का होतात?

3. पावसाळ्यात भाजलेली व न भाजलेली 10-10 ग्रॅम फुले दोन उघड्या वाट्यांत ठेवा. रोज ठरावीक वेळी तोला आणि आठ दिवसांचा आलेख काढा. हवेतील ओल कोणती फुले अधिक शोषतात, ते पाहा. ही फुले मात्र नंतर खाऊ नका.

मग घरी आजीला विचारा, ती मोहफुले किती भाजते आणि कढई कधी उतरवायची हे कशावरून ओळखते. तिचे उत्तर तुमच्या वहीतील नोंदींशी ताडून पाहा.