मोडेम का किंचाळत असे?

आजच्या विद्यार्थ्याला इंटरनेट ‘लावावे’ लागत नाही. ते घरात असतेच. पण तुमच्या आईवडिलांना किंवा शाळेतील शिक्षकांना विचारून पाहा. १९९५ नंतरची दहाएक वर्षे इंटरनेट लावणे म्हणजे अक्षरशः फोन लावणे होते. संगणकाशेजारी ठेवलेल्या लहानशा पेटीतून आधी डायल टोनची गुणगुण ऐकू येई, मग आकडे फिरविल्याचे आवाज, पलीकडे वाजणारी घंटा, आणि त्यानंतर वीस-तीस सेकंद शिट्ट्या, घरघर आणि किंचाळ्या यांचा असा काही कल्लोळ उडे की झोपलेले मूल दचकून उठावे. मग एकदम शांतता. ही शांतता झाली की समजायचे, लागले!

भारतात सर्वसामान्यांसाठी ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तत्कालीन सरकारी कंपनीने सुरू केली. अमेरिकेत तर एओएल या कंपनीने आपली फोनवरची जोडणी ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. तेव्हा ही किंचाळी तशी फार जुनी नव्हे. मात्र ती निरर्थक गोंगाट होती असा अनेकांचा समज आहे, तो दूर करायला हवा. ज्याला ती नीट ऐकता येई, त्याला बिघाड कोठे आहे हेही पुष्कळदा सांगता येई.

टेलिफोनची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी उभारलेली आहे. माणसाचे बोलणे समजण्यास सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचे) स्वर पुरतात. म्हणून तारेवरून तेवढेच पाठविले जात. संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एक या दोनच चिन्हांची. ती या तारेवरून पाठवायची तर त्या चिन्हांना ऐकू येणारे रूप दिले पाहिजे. हे काम मोडेमचे. मॉड्युलेटर आणि डीमॉड्युलेटर या दोन शब्दांचे तुकडे जोडून हे नाव बनले. अमेरिकेत १९६२ साली आलेल्या ‘बेल १०३’ या मोडेमची युक्ती अगदी सोपी होती. फोन करणारा मोडेम शून्यासाठी १०७० हर्ट्झचा व एकासाठी १२७० हर्ट्झचा स्वर काढी. फोन घेणारा २०२५ व २२२५ हर्ट्झचे स्वर वापरी. दोघांचे स्वर निराळे असल्याने दोघांना एकाच वेळी बोलता येई. वेग होता सेकंदास ३०० बिट. दोन हजार अक्षरांचे एक पान, एका अक्षराला दहा बिट धरून, पाठवायला सत्तरएक सेकंद लागत.

पुढे मोडेम हुशार झाले. एकाच स्वराची उंची आणि त्याची कला (म्हणजे कंपन कोणत्या टप्प्यावर आहे ती स्थिती) अशा दोन्ही गोष्टी बदलून एका झटक्यात अनेक बिट पाठविण्याची रीत आली. १९९४ सालच्या मानकाने २८,८०० बिटांचा वेग दिला, पाठोपाठ ३३,६०० चा. पण असे बारीक फरक ओळखायचे तर तार कशी आहे हे आधी ठाऊक हवे. ती किंचाळी यासाठीच असे. फोन उचलणारा मोडेम प्रथम २१०० हर्ट्झचा लांब स्वर काढी आणि दर ४५० मिलिसेकंदांनी त्याची कला उलटी करी. लांबच्या तारांवर माणसाच्या बोलण्याचा प्रतिध्वनी दाबणारी उपकरणे बसविलेली असतात. त्यांना हा निरोप असे की आता माणसे बोलत नाहीत, तुम्ही बाजूला व्हा. मग दोन्ही मोडेम १५० हर्ट्झपासून ३७५० हर्ट्झपर्यंतचे स्वर एकदम सोडून पाहत: कोणता स्वर पलीकडे धडपणे पोचतो, कोणता अशक्त होतो, कोणता गोंगाटात बुडतो? ही त्या तारेची तपासणीच. त्यानंतरची खरखर म्हणजे दोघांनी एकमेकांच्या आवाजाची करून घेतलेली सवय. आणि शेवटची शांतता? ती खरी नव्हेच. ओळख पटली की मोडेम आपला कर्णा बंद करी, एवढेच. तारेवर खरखर चालूच असे.

आता कोणी विचारील, की हुशारी वाढवीत नेली तर वेग कितीही का वाढू नये? याचे उत्तर क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ सालीच देऊन ठेवले होते. कोणत्याही तारेची क्षमता दोन गोष्टींवर ठरते: तिच्यावरून जाणाऱ्या कंप्रतांचा पट्टा केवढा रुंद आहे, आणि संदेशाची शक्ती गोंगाटाच्या शक्तीच्या किती पट आहे. आपला पट्टा ३४०० वजा ३००, म्हणजे ३१०० हर्ट्झ. समजा संदेश गोंगाटाच्या १००० पट आहे. यात १ मिळवा, आणि २ चा कितवा घात १००१ होतो ते पाहा. २ चा दहावा घात १०२४. तेव्हा उत्तर जवळजवळ १०. म्हणून क्षमता ३१०० गुणिले १०, अंदाजे ३१,००० बिट दर सेकंदास. तारेवर खरखर वाढून हेच गुणोत्तर १०० वर आले, तर २ चा सुमारे ६.७ वा घात, आणि क्षमता २०,६०० च्या आसपास. वर्गात फळ्यावर हे उदाहरण करून पाहण्यासारखे आहे. तारेत पाणी शिरले की इंटरनेट का रांगू लागे, हे त्यातून आकड्यांत दिसते.

मग ‘५६ के’ मोडेम कसे आले? १९९८ सालच्या मानकाने शॅननचा नियम मोडला नाही, गोंगाटाचे एक कारण काढून टाकले. आधुनिक दूरध्वनी केंद्रात आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजून प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहितात. म्हणजे ६४,००० बिट. या मोजणीतील बारीकसारीक चूक हाही एक गोंगाटच. इंटरनेट देणाऱ्याचे मोडेम केंद्राला थेट बिटांच्या भाषेत जोडले, तर येणाऱ्या दिशेने ही मोजणी करावीच लागत नाही. जाणाऱ्या दिशेने ती लागतेच; म्हणून घरून पाठविण्याचा वेग ३३,६०० च राहिला. वाटेत एखादे जुन्या धर्तीचे यांत्रिक केंद्र असले, तर ५६ चा मोडेम विकत घेऊनही काही लाभ नसे. दुकानदार हे क्वचितच सांगत.

हे सारे पैशाशी निगडित होते हे विसरू नका. जितका वेळ फोन लागलेला, तितके मीटर पुढे. ज्या गावी इंटरनेट देणाऱ्याचा स्थानिक क्रमांक नसे तेथून शहराला एसटीडी लावावा लागे. अर्धी फाइल उतरली आणि तार तुटली, की झालेला खर्च बुडीत आणि पुन्हा आरंभ. शिवाय तोवर घरचा फोन बाहेरच्यांना ‘व्यग्र’. म्हणून बिघाड लवकर हुडकणे ही चैन नव्हती.

बिघाड हुडकण्याची रीत अशी, की साखळीची एकेक कडी सुटी करून पाहायची: संगणक, मोडेम, घरातील तार, रस्त्यावरची तार व केंद्र, पलीकडचा मोडेम, आणि त्यापुढचे जाळे. समजा, ‘डायल टोन नाही’ अशी सूचना आली. साधा फोन आणून त्याच खोबणीत लावावा. फोनही मुका, तर मोडेम निर्दोष. फोनवर टोन आहे, पण मोडेमला नाही, तर वायर चुकीच्या भोकात आहे का पाहावे; मोडेमला तारेसाठी एक व फोनसाठी एक अशी दोन सारखीच भोके असत. सर्वांत गमतीचा प्रकार म्हणजे, मोडेमच्या कर्ण्यातून टोन आपल्याला स्वच्छ ऐकू येई, तरी मोडेम ‘नाही’ म्हणे! अमेरिकेतील डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन स्वरांचा असतो. अन्य देशांत तो निराळा. परदेशी सवयीच्या मोडेमला आपला टोन ओळखीचा वाटत नसे. टोनची वाट न पाहता आकडे फिरव, असा ‘एक्स ३’ हा हुकूम दिला की काम होई. हे हुकूम १९८१ सालच्या हेज कंपनीच्या मोडेमपासून रूढ झाले व पुढे बहुतेक सगळ्यांनी उचलले.

आकडे फिरविल्यावरही डायल टोन तसाच गुणगुणत राहिला, तर केंद्र जुने आहे असे ओळखावे. नव्या केंद्रांना प्रत्येक अंकासाठी दोन स्वरांची जोडी कळते. ५ या अंकासाठी ७७० व १३३६ हर्ट्झ. जुन्या यांत्रिक केंद्रांना स्वर कळत नसत. त्यांना तार तितक्या वेळा तोडून-जोडून ठोके द्यावे लागत, सेकंदास साधारण दहा. ‘एटीडीटी’ ऐवजी ‘एटीडीपी’ लिहिले, म्हणजे शेवटचे एक अक्षर बदलले, की मोडेम ठोके देऊ लागे.

किंचाळ्या सुरू होऊन मध्येच थांबत किंवा जोडणी वारंवार तुटे, तेव्हा बहुधा दोष तारेचा. साधा फोन उचलून एकच अंक फिरवावा. टोन थांबतो आणि तार ‘रिकामी’ ऐकू येते. कुरकुर, चटचट ऐकू आली तर ती मोडेमलाही ऐकू येत असणार. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात जोडपेट्यांत पाणी शिरून हे हटकून होई. पण केंद्राकडे तक्रार करण्यापूर्वी घरातील जादा फोन, लांबविलेल्या वायरी, हाताने पिळून केलेले जोड सगळे काढून मोडेम पहिल्याच खोबणीला लावून पाहावा. खरखर गेली तर दोष घरात. तरीही तार सुधारेना, तर मोडेमचा वेग मुद्दाम कमी ठरवून द्यावा. हे ऐकायला विपरीत वाटते. पण चुकलेला तुकडा मोडेमला पुन्हा मागवावा लागतो. वीस हजारांनी न अडखळता चालणारा तेहेतीस हजारांनी ठेचकाळणाऱ्याच्या आधी पोचे.

कधी दोष कशाचाच नसे. आतल्या खोलीत कोणी जोडफोन उचले, किंवा ‘कॉल वेटिंग’चा बीप तारेवर येई, आणि मोडेमच्या बारीक हिशोबाचा विचका होई. अमेरिकेत क्रमांकाआधी तारा-चिन्ह व ७० फिरवून ती सोय तेवढ्यापुरती बंद करता येई. पुढे एक स्वल्पविराम घालीत. मोडेमच्या लेखी स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांबा. जोडफोनावर मात्र घरच्यांना सांगून ठेवण्यावाचून उपाय नव्हता.

संगणकातला एक बिघाड सांगण्याजोगा आहे. माऊस हलविला की इंटरनेट बंद! भुताटकी वाटावी असा हा प्रकार. त्या वेळच्या संगणकात अशा उपकरणांसाठी कॉम १ ते कॉम ४ अशी चार दारे मानलेली असत. दारावर कोणी आले की प्रोसेसरला हाक मारणारी एक घंटा वाजे. पण पहिल्या आणि तिसऱ्या दाराला मिळून एकच घंटा, दुसऱ्या आणि चौथ्याला मिळून दुसरी. माऊस पहिल्या दारावर आणि मोडेम तिसऱ्यावर असला, तर घंटा कोणी वाजविली हे संगणकाला कळेना. मोडेमच्या पट्टीवरची चिमुकली टोपी सरकवून त्याला दुसऱ्या दारावर नेले की भूत पळे.

जोडणी लागली, पण पान उघडत नाही, ही तक्रार आजही ऐकू येते. तेव्हा नावाऐवजी पत्त्याचा आकडा टंकून पाहावा. आकड्याने उत्तर आले तर तार, मोडेम, केंद्र सारे ठीक. नावावरून आकडा शोधून देणारा सेवक तेवढा सापडत नाही. आणि पडद्यावर वेग १,१५,२०० दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. तो संगणक व मोडेम यांच्यामधल्या हातभर अंतराचा वेग असे, तारेचा नव्हे.

राहता राहिली वीज. वळवाच्या पावसात फार मोडेम जळत. मोडेमचा एक पाय घरच्या विजेच्या तारांशी, दुसरा मैलोगणती उघड्यावरून आलेल्या फोनच्या तारेशी. जवळपास वीज पडली की दोहोंमधील विद्युत्‌दाब एकाएकी वाढे आणि मधला मोडेम बळी जाई. बटण बंद करून भागत नसे. दोन्ही तारा उपसून ठेवाव्या लागत, आणि तेही गडगडाट सुरू होण्याआधी. गडगडाट चालू असताना तारेच्या फोनला व त्याच्या वायरीला हात लावणे आजही धोक्याचेच. जळालेला मोडेम ओळखणे मात्र फसवे असे. दिवे लागत. ‘एटी’ टंकले की ‘ओके’ असे उत्तर बिनचूक येई. कारण संगणकाकडची बाजू आणि तारेकडची बाजू आत एका छोट्या रोहित्राने परस्परांपासून तोडलेल्या असत; बहुधा तारेकडचीच तेवढी मरे. त्याच खोबणीत साधा फोन लावला की टोन खणखणीत, आणि मोडेमला तो काही केल्या ऐकू येत नसे.