चौकटीतून उमटणारे चक्र

कापडावर छपाई शिकायची तर सुरत-मुंबई गाठावी लागते, हा समज कंधार-लोह्याकडील आमच्या भगिनींनी मनातून काढून टाकावा. कंधारहून एसटीने नांदेडला जा. तेथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती अनेक वर्षे राष्ट्रध्वज तयार करीत आली आहे, आणि त्यासाठी लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात विणलेली खादी वापरली गेली आहे. ध्वजावरील अशोकचक्र शक्यतो स्क्रीन प्रिंटिंगने छापावे व ते दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसावे, असे ध्वजसंहिता सांगते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला. तो ठरविणाऱ्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते.

चक्राला २४ आरे, म्हणजे दोन आऱ्यांमध्ये बरोबर १५ अंश. कंपास आणि कोनमापक घेऊन हे चक्र काढून पाहा. हात बसेपर्यंत दहा कागद तरी फुकट जातील, जाऊ द्यावेत. नक्षीकामाचा पहिला धडा हाच आहे.

मग लाकडी चौकट. तिच्यावर पॉलिएस्टरची बारीक जाळी ढोलकीच्या पुडीसारखी ताणून बसवायची. अंधाऱ्या खोलीत जाळीला प्रकाशाने घट्ट होणारे रसायन लावून वाळवायचे, त्यावर काळ्या शाईने काढलेले चित्र ठेवून उजेड द्यायचा. काळ्या रेषांखालचे रसायन कच्चे राहते व पाण्याने निघून जाते, बाकीचे पक्के होते. मोकळ्या झालेल्या छिद्रांतून रबरी पट्टीने रंग ओढला की चित्र कापडावर उतरते. वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरवावी, नाहीतर रंग पहिल्याच धुण्यात जाईल. या रसायनात बहुधा डायक्रोमेट असते, ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, लेकरांना जवळ येऊ देऊ नये.

प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. पंचरंगी धम्मध्वजाला किती? पाच म्हणाल! पण पांढऱ्या कापडावर पांढरा छापावाच लागत नाही. निळा, पिवळा, लाल, केशरी अशा चार चौकटी पुरतात, आणि शेवटचा मिश्र पट्टाही त्यांतूनच भरतो. मात्र प्रत्येक चौकट ठरलेल्या खुणेवरच बसली पाहिजे. केसभर सरकली की दोन पट्ट्यांमध्ये फट दिसते.

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरच्या व पॉलिएस्टरच्या राष्ट्रध्वजालाही मुभा मिळाली. स्वस्त मालापुढे हातमागाचा माल टिकविणे सोपे नाही, हे आम्ही लपवीत नाही. पण १४ एप्रिलला वस्तीवस्तीत लागणाऱ्या पताका, फलक, टोप्या आपण बाजारातून तयार आणतो. तो पैसा वस्तीतल्याच चार हातांत का पडू नये? चार-पाच जणींनी मिळून दोन चौकटी घ्याव्यात आणि फेब्रुवारीतच जुन्या धोतराच्या तुकड्यांवर हात बसवायला लागावे.